मदत हवी आहे: बहिणीचा फक्त डावा पाय सुजतोय, डॉपलर नॉर्मल (सोलापूर)

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. वय २९, अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर असते. दिवाळीपासून पाय सुजतोय, फक्त डावाच. सकाळी बरा असतो पण संध्याकाळी घरी येईस्तोवर पैंजण रुतून वळ उठतो, नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि लवकर भरून येत नाही, मांडीपर्यंत जड वाटतं म्हणते.

आपल्याकडे पाय सुजला की पहिलं नाव हत्तीरोगाचं. तिचं लग्न ठरायचंय आणि शेजारीपाजारी तोंडावर बोलून दाखवतात, पोरगी रडकुंडीला आलीय. हत्तीरोगासाठी रात्री रक्त घेऊन तपासलं त्यात काही निघालं नाही, किडनी, थायरॉइड, इको नॉर्मल, पायाच्या डॉपलरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) गुठळी नाही. लघवी होण्याच्या गोळ्या झाल्या, सूज तशीच. आता दुसऱ्या डॉक्टरांना मे-थर्नर सिंड्रोमची शंका आहे, म्हणजे ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते, त्यामुळे रक्त वर जायला अडतं. सीटी व्हेनोग्राफी (औषध टोचून शिरांचा सीटी स्कॅन) सांगितलीय. कुणाच्या घरात झालंय का असं? इतक्या कमी वयात स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकावाच लागतो का?

प्रतिसाद:
ताई, माझ्या वहिनीला हेच निघालं होतं, तिचाही पायाचा डॉपलर नॉर्मलच होता. साध्या डॉपलरमध्ये जांघेच्या खालच्या शिरा बघतात, दाब असतो वर ओटीपोटात, म्हणून व्हेनोग्राफी कराच. पण रिपोर्टमध्ये शीर दबलेली दिसली म्हणून लगेच स्टेंटला हो म्हणू नका. मे आणि थर्नर यांनी १९५७ साली ४३० मृतदेह तपासले तेव्हा २२ टक्क्यांत त्या शिरेत बदल सापडले होते, आणि दाब असून आयुष्यभर काहीच त्रास नसलेले लोक भरपूर असतात. त्रास किती, गुठळी आहे का, यावर ठरतं. व्हॅस्क्युलर सर्जनलाच दाखवा. गर्भनिरोधक किंवा पाळीच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा, त्याने गुठळीचा धोका वाढतो. दाबाचे मोजे त्यांना विचारून मापाने घ्या, सकाळी सूज यायच्या आधी चढवायचे. आणि पाय अचानक जास्त सुजला, दुखायला लागला किंवा दम लागला, छातीत दुखलं तर सकाळची वाट बघू नका, तडक कॅज्युअल्टीत न्या.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. गोळ्यांचं कुणी विचारलंच नव्हतं, पाळीसाठी चालू आहेत तिच्या. उद्याच डॉक्टरांना सांगते. वहिनींना शेवटी स्टेंट टाकला का?