मदत हवी आहे: हीट रिकव्हरी युनिटमधून पाणी गळतंय

जागरण:
तातडीने मदत हवी आहे. घरात हीट रिकव्हरीवालं व्हेंटिलेशन आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं युनिट. आठवडा झाला, युनिटखाली पाणी साचतंय. रात्री कोणीतरी घटाघटा पाणी पितंय असा आवाज येतो, मध्येच थांबतो, परत सुरू. बेडरूमच्या खिडक्यांनाही पाणी सुटलंय, म्हणजे युनिट गेलंय हे उघड आहे. बसवणारा फोन उचलत नाही. एवढंच सांगा, एक्स्चेंजर (ती उष्णता देणारा आतला भाग) बदलावा लागेल का? आगाऊ धन्यवाद.

मोजपट्टी:
युनिट कुठे आहे? बाहेर तापमान किती? फिल्टर शेवटचे कधी बदलले? पाणी नेमकं कुठून येतं, तळातून की डक्टच्या जोडातून? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग एक्स्चेंजरचं कसं सांगणार?

उघडी_खिडकी:
असली यंत्रं बसवूच नयेत. आम्ही सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडतो. ना फिल्टर, ना गळती.

मोजपट्टी:
@उघडी_खिडकी, आणि रात्रीचे आठ तास? बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम. बंद बेडरूममध्ये दोघं झोपलो की पहाटे माझा मीटर २००० च्या वर गेलेला असायचा. शिवाय थंडीत खिडकी उघडली की तापवलेली हवा सरळ बाहेर. चांगलं युनिट त्यातली ७५ ते ९० टक्के उष्णता आत येणाऱ्या हवेला देतं.

उघडी_खिडकी:
मीटर नव्हता तेव्हाही माणसं झोपतच होती. आणि पंखे चोवीस तास वीज खातात ती धरली का?

ओलावा:
एन्थाल्पी एक्स्चेंजर टाका. तो आतली बरीचशी वाफ येणाऱ्या हवेला परत देतो, त्यामुळे पाणी साचणं जवळजवळ बंद होतं. मी टाकला, हिवाळ्यात घसा कोरडा पडणंही थांबलं.

मोजपट्टी:
त्यांच्या खिडक्यांना आधीच पाणी सुटलंय आणि तुम्ही ओलावा घरात परत आणायला सांगताय?

जागरण:
वाद नंतर घाला. युनिट पोटमाळ्यावर आहे. बाहेर शून्याच्या खाली. पाणी तळाच्या कडेने येतं. फिल्टरचं माहीत नाही, घर उन्हाळ्यात घेतलं तेव्हापासून हात लावलेला नाही.

जुना_पाना:
एक्स्चेंजरला हात लावू नका. पाणी तयार होणं हा बिघाड नाही. २१ अंशांच्या हवेत ५० टक्के आर्द्रता असेल, तर ती १० अंशांच्या आसपास थंड झाली की पाणी सुटतंच. ते ट्रेमध्ये पडून पाइपाने जायला हवं. त्या पाइपाला ट्रॅप असतो, बेसिनखाली असतो तसाच वाकडा, त्यात साचलेलं पाणी हवा अडवतं. उन्हाळ्यात पाणी तयार होत नाही, म्हणून तो सुकतो. मग पंखा त्याच पाइपातून हवा वर खेचतो आणि ट्रेमधलं पाणी खाली उतरू शकत नाही. तो घटघट आवाज त्याचाच. युनिट मेनवरून बंद करा, ट्रॅपमध्ये पाणी ओता, मग परत चालू करा. फिल्टरही बघा. घरातून हवा खेचणाऱ्या बाजूचा तुंबला की आत ओढ वाढते. १०० पास्कलला साधारण १ सेंटिमीटर पाणी वर चढतं, ट्रॅप उथळ असेल तर भरलेलाही रिकामा होतो.

फोडणी:
किचनचा हूड याच डक्टला जोडता येईल का? भिंतीला दुसरं भोक पाडायचं नाहीये.

जुना_पाना:
नाही. तेलकट वाफ फिल्टरवर आणि एक्स्चेंजरच्या पात्यांवर बसते. हूड वेगळा ठेवा. यासाठी नवीन धागा काढा.

शांतझोप:
@जागरण, खिडक्यांचं कोणी विचारलं नाही म्हणून विचारते. बेडरूममध्ये छताला जी गोल जाळी असते, ती उघडी आहे ना?

जागरण:
ती मीच फिरवून बंद केली, दोन्ही बेडरूममधली. डोक्यावर गार हवा यायची. त्याचा काय संबंध?

शांतझोप:
सगळा संबंध आहे! ताजी हवा बेडरूममध्ये सोडायची आणि बाथरूम-किचनमधून ओढायची, यावरच हे चालतं. तुम्ही येणारी हवाच बंद केलीत, मग रात्रभराच्या श्वासाची वाफ काचेवर बसणार. मीही हेच केलं होतं आणि कपाटामागे बुरशी आली. दोन्ही उघडा. दाराखाली १ सेंटिमीटर फट आहे का तेही बघा, नाहीतर हवा खोलीबाहेर जाणार कुठून.

जागरण:
आत्ताच खाली उतरलो. पाइप हातात घेतला तर ट्रॅप ठणठणीत कोरडा. दोन कप पाणी ओतलं, चालू केलं, आवाज गेला! ट्रेमधलं पाणी पाइपातून जाताना कानाने ऐकलं. बाथरूमकडचा फिल्टर बाहेर काढला तर बोटभर जाड करडी लव, मूळ रंग फक्त कडेला दिसत होता. नवीन मागवतो. जाळ्याही उघडल्या. @जुना_पाना, @शांतझोप, फार मोठे उपकार झाले.

मोजपट्टी:
दोन जाळ्या पूर्वी होत्या तितक्याच उघडल्या ना? नाहीतर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचं माप पुन्हा जुळवावं लागेल. आणि तो पाइप पोटमाळ्यावर उघडाच आहे का? शून्याखाली ट्रॅपमधलं पाणी गोठेल.

जागरण:
किती उघड्या होत्या ते लक्षात नाही. पाइप उघडाच आहे. काय गुंडाळू?

जुना_पाना:
नळाच्या पाइपाला असते ती फोमची नळी, निदान दोन सेंटिमीटर जाडीची, उतार न मोडता. पाइप गार पोटमाळ्यातून लांबवर जात असेल तर आत हीटिंग केबलही लागेल. लांबी किती आहे ते मोजून इथे टाका.