कागदावर पाय काढून केलेले बूट आईला चावले. पुन्हा करून घेताना काय तपासू?

सुदामानगरची (इंदूर):
आईसाठी विचारते आहे. वय ६१, शुगर १८ वर्षांपासून. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, त्यामुळे दुकानातला नंबर बसत नाही: लांबीला ६ पुरतो, रुंदीला ८ लागतो. जानेवारीत इथेच एकाकडे माप देऊन बूट करून घेतले. त्याने कागदावर पाय ठेवायला सांगून पेन्सिलीने कड काढली, आठ दिवसांनी जोड दिला, ३२०० रुपये. चौथ्या दिवशी आईचा मोजा काढते तर हाडावरचा फोड फुटून मोजा त्याला चिकटलेला. आई म्हणते, "मला काही टोचलंच नाही गं." जखम भरायला पाच आठवडे गेले. कारागीर म्हणाला, घालत राहा, सैल होतील. परवा तर ती ओट्यापासून दारापर्यंत एकाच पायात चप्पल घालून आली, दुसरी निसटल्याचं तिला कळलंच नाही. आता पुन्हा पैसे घालायचे तर कारागिराला काय विचारू?

फर्मावाला (इंदूर):
ताई, मी २२ वर्षं माप घेऊन जोडे करतो, आधी वडील करायचे. वाचून फार वाईट वाटलं, कारण हे टळलं असतं.

पेन्सिलीची कड म्हणजे माप नव्हे. पेन्सिल जरा आत कलली की एका बाजूचे तीन-चार मिलिमीटर गेले. आईंच्या हाडाला तेवढीच जागा हवी होती. आणि मोठा नंबर घेऊन हे सुटत नाही. इंग्लिश नंबर एकाने वाढला की लांबी इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ८.४७ मिलिमीटर वाढते. सहाऐवजी आठ घेतला तर पुढे पोकळी राहते, पाय आत सरकतो आणि घासतो.

माप संध्याकाळी द्या, पाय थोडे सुजलेले असताना, आणि उभं राहून. बसलेल्या माणसाचा चवडा उभं राहिल्यावर पसरतो. टेप चवड्याच्या सर्वांत रुंद भागाला, पावलाच्या उंचवट्याला आणि टाचेवरून घोट्यापुढे तिरकी, अशी तीन जागी लावायची, दोन्ही पायांना वेगवेगळी.

मग त्याला म्हणा, फर्मा दाखवा, म्हणजे ज्यावर जोडा घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा. सगळा जोडा फर्म्यावर चढतो, तेव्हा आईंचं हाड फर्म्यावर नसेल तर बुटातही त्याला जागा नाही. मी हाडावर ओल्या कुंकवाची टिकली लावतो आणि वरून प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळतो. पट्टी सुकल्यावर कापून उतरवली की आत लाल ठिपका उमटलेला असतो. फर्म्यावर नेमक्या त्या जागी चामड्याचे तुकडे एकावर एक चिकटवायचे आणि कानशीने घासून गोलाई आणायची. तुम्ही बोट फिरवून बघा, उंचवटा हाताला लागलाच पाहिजे.

त्या फर्म्यावर आधी साध्या रेक्झिनचा कच्चा जोड करून घाला. पक्कं चामडं त्यानंतरच कापायचं. हाडावर शिवण नको. आत एमसीआरचा (बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा) तळ, खाली कडक सोल, बंद वेल्क्रोचा, खिळा एकही नको. सोल झिजला की खिळा वर येतो, आणि आईंना तो कळणार नाही.

दांडियाबाजार (बडोदा):
मी मधुमेहींच्या पायांच्या ओपीडीत परिचारिका आहे. चप्पल निसटलेली कळत नाही, म्हणजे बूट करायच्या आधी डॉक्टरांना पाय दाखवा. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात, पाच मिनिटांचं काम. नवा जोड पहिल्या दिवशी अर्धाच तास. काढल्यावर पाय स्वतः बघा, तळव्याला आरसा धरा. लाली वीस मिनिटांत गेली नाही तर जोड परत. आईला "टोचतंय का?" विचारून उपयोग नाही, टोचणं सांगणारी नसच थकली आहे.

सुदामानगरची:
उद्याच अपॉइंटमेंट घेते. दोन शंका. मोबाइलवर पाय स्कॅन करून माप घेतात, ते चालेल का? आणि आईचा जीव कोल्हापुरीत अडकलाय. दर बुधवारी खजराना गणपतीला जाते, तिथे बूट काढून ठेवणं तिला पटत नाही.

फर्मावाला:
स्कॅनमध्ये पायाचा आकार येतो, भार कुठे पडतो ते येत नाही. त्यासाठी शाईच्या पॅडवर चालवून ठसा घ्यावा लागतो, जिथे ठसा काळाकुट्ट तिथे दाब जास्त.

कोल्हापुरीवर माझंही प्रेम आहे, पण बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेला तो तळ कडक असतो, आणि चप्पल पायात राहते ती अंगठ्याच्या जोरावर. आईंच्या अंगठ्यात तो जोर नाही. मी अशांना सँडल करून देतो: मागे पट्टा, आत मऊ तळ, आणि वरच्या रुंद पट्ट्यावर कोल्हापुरीची वेणी आणि गोंडा. अंगठ्यात अडकवायची कडी मात्र लावत नाही.

दांडियाबाजार:
देवळात अनवाणी नको. मे महिन्यात तापलेल्या फरशीने तळवा भाजतो आणि घरी येईपर्यंत कळत नाही. आत जाड सुती मोजे घालू द्या, आणि शक्यतो सकाळी लवकर न्या.

सुदामानगरची:
आज संध्याकाळी सहाला उभं करून मापलं. डावा चवडा २४.६ सेंटीमीटर, उजवा २३.४. गेल्या वेळी त्याने एकाच पायाची कड काढली होती, उजव्याची. वेणी-गोंड्याचं ऐकून आई लगेच म्हणाली, "गोंडा लाल सांग." फर्मावाले दादा, कच्च्या जोडाला किती दिवस लागतात?

फर्मावाला:
चार दिवस. प्लास्टरसाठी येताना आईंना पातळ सुती मोजा घालून आणा, टिकली त्याच्यावर लावू.