अनुभव धागा: गेलेल्या माणसाच्या कपड्यांची सामूहिक गोधडी

गेलेल्या माणसाच्या साड्या, सदरे, लुगडी यांची गोधडी जिवलगांनी मिळून शिवायची, असे गट ज्यांनी चालवले आहेत त्यांनी इथे लिहावं. मापं, कापड, बैठक कशी घ्यायची आणि कुठे घोटाळा होतो, हे नेमकं हवं आहे.

धावदोरा
घरातल्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय कात्री लावू नका. मुलगी आईची साडी आणून देते आणि सुनेला ती अखंड हवी असते, असं हमखास होतं. एकमत नसेल तर कापड न कापता दुमडून टाचा. नंतर उसवता येतं.

कापड धुवूनच घ्या. ओला पांढरा कपडा त्यावर घासून बघा, रंग उमटला तर ते वेगळं दोन-तीनदा धुवा. वास जाईल म्हणून काहीजण धुवायला तयार नसतात, त्यांना अजिबात आग्रह करू नका. कॉलरचा किंवा पदराचा तळहाताएवढा तुकडा न धुता काढून त्यांच्या हातात द्या. तो गोधडीत घालण्यात अर्थ नाही, पहिल्या धुण्यातच वास जातो.

मोजपट्टी
१२ जण असतील तर प्रत्येकी १३ इंची चौकोन. अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की १२ उरतात. तीन बाय चार मांडून ३६ बाय ४८ इंच होतात. अस्तर ४४ बाय ५६ घ्या, कारण टाके पडत जातात तसं ते आत ओढलं जातं. एका सुती पाचवारीत अस्तर आणि मधले दोन थर निघतात.

आधी मधून कडांकडे कच्चे टाके. हे टाळलं की शेवटी मधोमध फुगा येतो आणि सगळं उसवावं लागतं. जॉर्जेट, नायलॉन सरकतं, त्यामागे मलमल लावा. टी-शर्ट ताणला जातो, त्याला पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा. नाव मार्करने लिहू नका, शाई पसरते; पेन्सिलीने लिहून उलटी टीप घाला.

वाकळ
मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर अमेरिकेतल्या एड्स स्मृती गोधडीची, म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत शिवलेल्या गोधडीची, रचना अभ्यासा. कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनला १,९२० तुकड्यांनिशी पसरली गेली. आज सुमारे ५०,००० तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा ३ बाय ६ फूट, साधारण एका कबरीएवढा. आठ तुकडे जोडून १२ फुटी चौरस होतो, त्यामुळे हवे तेवढेच चौरस नेऊन मांडता येतात. मांडताना पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घड्या उलगडतात आणि नावं मोठ्याने वाचली जातात. वाचनाला स्वतंत्र वेळ ठेवा, नाहीतर लोक फक्त फोटो काढून जातात. बटणं, पदकं, चष्म्याची दोरी असं काही लावायचं असेल तर शिवा. डिंक वाळला की सुटतो.

सुईदोरा
बैठक दोन तासांची, ८ ते १० जण. गोल बसून "आता प्रत्येकाने आठवण सांगा" असं मुळीच म्हणू नये. नजर टाक्यावर असली की माणसं आपसूक बोलतात, आणि गप्प बसणाऱ्यालाही हाताला काम असतं. शेवटची २० मिनिटं नुसता चहा. रडू आलेला माणूस तसाच घाईने बाहेर पडू नये.

ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी मोठ्या नेढ्याच्या सुया आधीच ओवून ठेवा. सुया वाटताना मोजा, परत घेताना मोजा. बोटाला टोचून रक्त लागलं तर लगेच थंड पाणी. गरम पाण्याने डाग पक्का होतो.

अडगळ
गोधडी कोणाकडे राहणार, हे चौकोन कापण्याआधी ठरवा. चार भावंडं वेगवेगळ्या गावी असतील तर चार छोट्या गोधड्या शिवून कडेला बंद लावा: वर्षश्राद्धाला एकत्र बांधता येतात, एरवी ज्याची त्याच्याकडे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कोकणात तर दमटपणाने बुरशी धरते. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवरच कापड विरतं.