मदत हवी आहे: समुद्राखाली कार्बन डायऑक्साइड साठवण्याचा प्रति टन खर्च कसा काढावा?

नमस्कार मंडळी. मास्टर्सच्या प्रबंधासाठी नॉर्वेच्या नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पाचा (कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड जहाजाने आणून समुद्राखालच्या खडकात साठवणारा) खर्च एक्सेलमध्ये मांडतोय आणि एका जागी पार अडलोय. तेल-वायू क्षेत्रात काम केलेलं कुणी असेल तर कृपया मार्ग दाखवा.

वाहतुकीचं गणित जमलंय. ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यातून वर्षाला ४ लाख टन वायू येणार असं धरलंय. जहाज ७,५०० घनमीटरचं, म्हणजे द्रवरूपात एका खेपेला साधारण ८ हजार टन. वर्षाला ५० खेपा. अंतर वाढलं तरी जहाजाचा खर्च फार चढत नाही, खरा पैसा वायू द्रवरूप करण्यात आणि धक्क्यावरच्या टाक्यांत जातो. पुढे किनाऱ्यापासून सुमारे १०० किमी पाइपलाइन. तिचा खर्च मात्र किलोमीटरगणिक वाढतो.

घोडं अडलंय ते साठवणुकीत. नॉर्वेच्या समुद्रातल्या स्लायप्नर या वायूक्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड सुरळीत जिरतोय. तिथल्याच स्नोव्हित या दुसऱ्या क्षेत्रात २००८ मध्ये सुरुवात झाली, पण खडकाच्या थरातला दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढला आणि २०११ मध्ये वायू सोडायच्या विहिरीत काम करून दुसऱ्या थरात वायू सोडावा लागला. मग माझ्या २,६०० मीटर खोलीच्या थरासाठी जोखीम किती धरू? खर्चावर सरसकट २० टक्के लावले तर सरांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नाही.

दुसरं म्हणजे पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १५ लाख टन. फक्त ब्रेविकचे टन धरले तर दर जवळजवळ चौपट होतो. कोणता आकडा छापू?

प्रतिसाद: दोन्ही छापा, पण टन वर्षागणिक वाढत जाणारे धरा. आणि खर्चासारखेच टनही डिस्काउंट करून (म्हणजे पुढच्या वर्षांचे आकडे व्याजदराने आजच्या मोलावर आणून) मग भागाकार करा. बरेच जण नुसते टन बेरजेला घेतात आणि दर फसवा स्वस्त दिसतो. जोखमीची टक्केवारी काढून टाका. त्याऐवजी तीन शक्यता मांडा: विहीर पूर्ण वायू घेते, निम्माच घेते, तिसऱ्या वर्षी दुसरी विहीर लागते. प्रत्येकीला तुमच्या अंदाजाने वजन द्या. विहीर बंद केल्यानंतरची देखरेखही धरा. युरोपीय नियमानुसार जबाबदारी सरकारकडे जाण्याआधी साधारणपणे किमान २० वर्षं ती कंपनीकडेच असते.

धागाकर्ता: मनापासून आभार! टनांचं डिस्काउंटिंग माझ्याकडून राहिलंच होतं. विहीर बंद असताना जहाजं नुसती उभी राहतील, तो खर्च साठवणुकीत टाकू की वाहतुकीत?