मदत हवी आहे: मे महिन्यात अंबाजोगाईला ताज्या फुलांचा बुके कसा पाठवावा?

लीड्सकर
नमस्कार मंडळी. १४ मे २०२६, गुरुवारी आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. ते दोघं अंबाजोगाईत, मी इंग्लंडात. संध्याकाळी ६ वाजता घरी १५-२० माणसं जमणार आहेत. त्याआधी घरी एक चांगला मोठा बुके आणि आईसाठी गजरा पोचायला हवा. बजेट दोन-अडीच हजार. प्रश्न असे:
१. ऑनलाइन साइटवर ४३१५१७ हा पिनकोड टाकला की 'डिलिव्हरी उपलब्ध' दिसतं. फुलं नेमकी कुठून येतात?
२. गावातल्याच फुलवाल्याला थेट सांगावं का? सांगायचं तर काय काय?
३. पुण्याहून कुणाकरवी पाठवता येतील का?
४. ४०-४२ डिग्रीत फुलं टिकणार कशी? आईला लिली फार आवडते.

बालाघाटी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचं त्यावर ठरतं. या साइट्स बहुतेक ठिकाणी स्वतः फुलं ठेवत नाहीत. ऑर्डर घेतात, आपलं कमिशन कापतात आणि उरलेल्या पैशात जवळच्या फुलवाल्याला काम देतात. अंबाजोगाईत त्यांचा माणूस नसेल तर काम लातूरला किंवा परळीला जातं. लातूर साधारण ६० किमी. दीड तासाच्या रस्त्यासाठी एका बुकेची गाडी कुणी काढत नाही. मग तो येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दिला जातो, किंवा आदल्या दिवशी बांधून ठेवला जातो. वेळ हुकते ती इथे. शिवाय फोटोखाली बारीक अक्षरात 'उपलब्धतेनुसार फुलं बदलतील' असं असतंच. फोटोत लिली आणि हातात झेंडू, तरी तक्रारीला जागा नाही.

साइटवरूनच करायचं असेल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'बुके कोणत्या गावात बांधणार आणि बांधणाऱ्याचा नंबर मिळेल का?' गोलमोल उत्तर आलं तर सोडून द्या. केक आणि टेडीसोबतचे 'कॉम्बो' तर अजिबात घेऊ नका. त्यात फुलांच्या वाट्याला सगळ्यात कमी पैसे जातात.

माझं मत, गावातला हारवालाच गाठा. योगेश्वरी मंदिराच्या भागात किंवा बाजारात हारवाल्यांकडे रोज ताजा माल येतो. त्यांचं मुख्य काम हार, गजरे, लग्नाची गाडी आणि स्टेज. बुके ते सांगितल्यावर बांधतात. म्हणून त्यांना फोटो पाठवून 'असा करा' म्हणू नका, फुलांची नावं आणि काड्यांची संख्या सांगा.

दोन गोष्टी कॅलेंडरच्या. गुरुवारी सकाळी दत्ताच्या आणि साईबाबांच्या हारांची गर्दी असते, ११ पर्यंत तो तुमचा फोनही उचलणार नाही. आणि १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, त्यामुळे लग्नं उरकायची घाई त्याच आठवड्यात असणार. स्टेजसाठी डच गुलाब आणि जरबेरा घाऊक उचलला जातो, भाव चढतो. ऑर्डर ८-९ मेपर्यंत पक्की करा आणि १३ तारखेला दुपारी आठवण द्या. त्याचा उद्याचा माल त्याच सुमारास सांगितला जातो.

पॉलिहाऊसवाला
लिलीचा नाद या वेळी सोडा, असं सुचवेन. ओरिएंटल लिली तालुक्याच्या गावी रोज येत नाही, मुद्दाम मागवावी लागते. शिवाय ती कळीत आणावी लागते. काडीवरची खालची एक कळी रंगावर आलेली आणि बाकी बंद, अशी काडी ३-४ दिवस टिकते. पूर्ण उमललेली काडी मेच्या उन्हात वाटेतच मान टाकते. मागवलीच तर उमलताच आतले तपकिरी केसर बोटांनी काढून टाकायला सांगा. त्याचा डाग साडीवरून जात नाही.

त्याऐवजी हे घ्या:
- निशिगंधाच्या (गुलछडीच्या) डबल जातीच्या काड्या. खालची २-३ फुलं उमललेली, वर कळ्या. सिंगल जातीला वास जास्त, पण ती हारात जाते. काडीसाठी डबलच.
- डच गुलाब. पॉलिहाऊसमधून २० काड्यांची, पुठ्ठ्यात गुंडाळलेली गड्डी येते. बोटांनी कळीचं बूड हलकेच दाबून बघायचं. टणक लागली तर ताजी, पिचली तर शिळी. बाहेरच्या १-२ पाकळ्या हिरवट, मळकट दिसतात. त्या आतल्यांचं रक्षण करतात, म्हणून बुके देताना काढायच्या, आधी नाही.
- अ‍ॅस्टर, मिळाली तर पांढरी आणि जांभळी. उन्हाला बरी टिकते आणि बुके भरलेला दिसतो.
- हिरवाईला कामिनीच्या फांद्या. आणि थोडा गोल्डन रॉड (बारीक पिवळ्या फुलांचे तुरे).

जरबेरा दिसायला झकास, पण त्याचा दांडा आतून पोकळ आणि अंगाला लव. पाणी थोडं कमी पडलं की मान वाकते. म्हणून फुलाखाली तार किंवा स्ट्रॉ लावतात. घेतलाच तर ५-६ पुरे.

पुण्याहून पाठवणं जमतं, पण बांधलेला बुके कधीच पाठवू नका. गड्ड्या पाठवा. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसचा गुलाब पुण्यात मुबलक. गड्ड्या आधी ३-४ तास स्वच्छ पाण्यात उभ्या ठेवायच्या, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्राच्या थरांत आडव्या. बुडख्यांना ओला कापूस, त्यावर प्लास्टिकची पिशवी, वर रबर. गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका टोकाला, फुलांना न टेकवता. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल टाकायचं. ज्या गाडीचं इंजिन मागे असतं तिची मागची डिक्की भट्टीसारखी तापते, खोकं मधल्या डिक्कीत ठेवायला क्लीनरला सांगायचं. पावतीवर उतरवून घेणाऱ्याचा नंबर. एवढा खटाटोप ४० गुलाबांहून जास्त असतील तरच करावा. एका बुकेसाठी गावातला माल पुरतो.

हारतुरे
बांधणी महत्त्वाची. हातात धरायचा बुके की टोपली? संध्याकाळचा कार्यक्रम, मग दोन-तीन दिवस घरात ठेवायचा, तर टोपली घ्या. हातातल्या बुकेत दांडे कोरडे राहतात. सेलोफेनमध्ये गुंडाळलेला बुके अशा उन्हात ३-४ तासांत मलूल होतो. त्यातून त्यावर पाण्याचा फवारा मारून कागद बंद केला तर आत वाफ धरते आणि पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पडतात.

टोपलीत हिरवा स्पंज असतो, ज्याला आम्ही ओअ‍ॅसिस म्हणतो. निम्मे लोक इथेच चुकतात. स्पंज पाण्यावर नुसता सोडायचा. तो आपोआप गडद होत एक-दोन मिनिटांत बुडतो. हाताने दाबून बुडवला तर वरून ओला आणि मधे कोरडा राहतो. दांडा त्या कोरड्या भागात गेला की फूल संध्याकाळीच झुकतं. एकदा खोचलेली काडी उपसून त्याच भोकात परत घालायची नाही, खाली हवेची पोकळी राहते. दांडा तिरका कापून ३-४ सेंमी आत. टोपलीला आतून प्लास्टिक लावलेलं हवं, नाहीतर टेबलावर पाणी.

तुमच्या बजेटात बसणारी मध्यम टोपली: १५ लाल किंवा गुलाबी गुलाब, ८ निशिगंधाच्या काड्या, १२-१५ अ‍ॅस्टर, कामिनीच्या ५-६ फांद्या, गोल्डन रॉडच्या ४. मागून उंच निशिगंध, मधे गुलाब, कडेला अ‍ॅस्टर. चमकी, थर्माकोलचे मणी, रंग मारलेली फुलं नकोत, हे स्पष्ट सांगा. सांगितलं नाही तर चमकी येतेच! पन्नासाव्याला तर सोनेरी.

गजरा: मेमध्ये मोगरा भरात असतो, हे तुमचं नशीब. कळ्या सकाळी लवकर खुडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात. म्हणून गजरा 'टपोऱ्या कळ्यांचा' सांगा, उमललेल्या फुलांचा नाही. साडेचारला बांधून दिला तर सहा-सातला केसांत उमलतो. तोवर ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात, सावलीत. आईंचे केस कमी असतील तर हातभर लांबीचा जड गजरा घसरतो. वीतभर लांबीचा, दुपदरी पुरे.

लीड्सकर
फार उपयोगी. आणखी तीन शंका. फुलं घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवावीत का? पाण्यात साखर, डिस्प्रिन वगैरे घालतात ते खरं का? आणि माझ्याकडे इंग्लंडचं कार्ड आहे, हारवाल्याला पैसे कसे देऊ?

गुलमोहर७२
डिस्प्रिनची अर्धी गोळी घाला, आमच्याकडे सगळे घालतात. 👍

पॉलिहाऊसवाला
डिस्प्रिनने पाणी किंचित आंबट होतं, इतकाच त्याचा उपयोग. फुलं मरतात ती दोन कारणांनी. कापलेल्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाणी वर चढत नाही. किंवा पाण्यात बॅक्टेरिया वाढून नळ्या चिकट होतात. दुसऱ्या कारणावर नुसती साखर घालणं म्हणजे त्यांना जेवण वाढणं. साखर घालायची तर जंतुनाशकासोबतच. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम (साधारण ४ चहाचे चमचे) साखर, चिमूटभर लिंबूसत्त आणि कपडे धुण्याच्या ब्लीचचे ३-४ थेंब. हे फुलदाणीतल्या फुलांसाठी. टोपलीला नको, तिथे रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा कप साधं पाणी स्पंजच्या मधोमध ओतलं की झालं. स्पंज एकदा पूर्ण वाळला तर पुन्हा पाणी धरत नाही.

घरच्या फ्रिजमध्ये मेमधला आंबा असणार. पिकलेल्या फळांमधून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं लवकर गळतात, कार्नेशन तर मिटूनच जातं. त्यामुळे फ्रिज नको. टोपली खिडकीच्या उन्हापासून, पंख्याच्या आणि कूलरच्या थेट झोतापासून लांब, फरशीजवळ ठेवा. खाली गारवा असतो. फळांची परडी तिच्या जवळपास नको. रात्री निशिगंध झोपायच्या खोलीतून बाहेर काढायला सांगा, बंद खोलीत वासाने डोकं चढतं.

दोन-तीन दिवसांनी स्पंजमधली फुलं मलूल वाटली तर गुलाब काढून, पाण्याखालीच दांडा २-३ सेंमी तिरका कापून, खोल पाण्यात दोन तास. वाकलेली मान पुष्कळदा सरळ होते. निशिगंधाची खालची वाळलेली फुलं खुडत गेलं की वरच्या कळ्या उमलत राहतात.

बालाघाटी
पैशांचं. हारवाल्याकडे यूपीआयचा कोड असतो, परदेशी कार्ड चालत नाही. काही बँका एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्याला इंग्लंडच्या मोबाईल नंबरवर यूपीआय जोडून देतात, तुमची बँक देते का बघा. नाहीतर सरळ पुण्या-मुंबईतल्या बहीण-भावाकडून पाठवा. निम्मे आधी, निम्मे टोपलीचा फोटो आल्यावर. नंबर गूगल मॅपवरचा घेण्यापेक्षा शेजाऱ्यांना दुकानात पाठवून घ्या. आणि 'पैसे पाठवलेत, मिळवायला पिन टाका' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नसतो.

घरी पोचवणारा पोरगा पत्ता सापडला नाही की हमखास आई-बाबांनाच फोन लावतो आणि गंमत जाते. शेजाऱ्यांचा नंबर द्या आणि खुणेची जागा सांगा. घर नंबर तिथे कुणी बघत नाही.

लीड्सकर
सगळ्यांचे आभार. हारवाल्याला असा मेसेज टाकतोय, काही चुकत असेल तर सांगा:

'रामराम दादा. गुरुवार १४ मे. एक टोपली, आतून प्लास्टिक लावलेली: गुलाबी डच गुलाब १५, डबल निशिगंध ८ काड्या, पांढरी-जांभळी अ‍ॅस्टर १५, कामिनी आणि गोल्डन रॉड. लाल गुलाब चालेल, झेंडू आणि चमकी नको. टपोऱ्या मोगऱ्याच्या कळ्यांचा दुपदरी गजरा, वीतभर. टोपली त्याच दिवशी दुपारी ३ नंतर बांधावी. घरी पोचवायची वेळ संध्याकाळी. फोन शेजारच्या काकूंना करावा. निम्मे पैसे आज पाठवतो.'

हारतुरे
'स्पंज सोडून भिजवा, दाबू नका' हे नका लिहू, त्याला राग येईल. काम त्याचं आहे. बाकी ठीक. फक्त 'संध्याकाळी' काढा. गावात संध्याकाळ ४ पासून ८ पर्यंत असते. 'सव्वापाच' लिहा, मग साडेपाचला येईल.

बालाघाटी
आणि 'अ‍ॅस्टर नसेल तर पांढरी शेवंती' हेही घाला. त्या दिवशी अ‍ॅस्टर आली नाही तर पर्याय तुम्ही ठरवलेला असावा, त्याने नाही.