बिल डिस्काउंटिंग म्हणजे एफडी नव्हे

बिल डिस्काउंटिंग म्हणजे सप्लायरला कंपनीकडून यायचे बिलाचे पैसे आपण थोडे कापून आधीच द्यायचे आणि कंपनीने भरले की पूर्ण घ्यायचे. "मोठ्या कंपनीचं बिल आहे, पैसे बुडणार नाहीत" असं म्हणत लोक याला एफडीसारखं सुरक्षित समजतात, पण अहो कंपनी मोठी असली तरी बिल खरं आहे का, माल पोचला का, कंपनीने ते पास केलंय का, हे कोण बघतं? आणि पैसे एस्क्रोत (त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात) न येता थेट सप्लायरच्या खात्यात गेले तर बसा बोंबलत, म्हणून रिकोर्स कोणावर आहे, म्हणजे पैसे अडकले तर वसुली कोणाकडून करता येईल, ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये वाचाच. आरबीआयच्या देखरेखीखालच्या ट्रेड्सवर (TReDS, अशाच बिलांवर पैसे देण्याचे ऑनलाइन प्लॅटफॉर्म) आपल्याला पैसे लावायला एंट्री नाही, तिथे बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) वगैरेच. दुसरा पर्याय पीटूपीचा (प्लॅटफॉर्मवरून थेट लोकांना कर्ज देणं), तर तिथे एका कर्जदाराला सगळे प्लॅटफॉर्म मिळून ५० हजारच देता येतात, शिवाय ऑगस्ट २०२४ पासून 'कधीही काढा' वाल्या स्कीमही बंद झाल्या. बिल डिस्काउंटिंगमध्ये माझे ९० दिवसांत यायचे पैसे १४०व्या दिवशी आले, व्याजासकट आले खरे, पण तोवर जीव टांगणीला.