अनुभव धागा : उपवासकाळात स्वतःकडे पाहताना

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये कपाळाला राख लागण्याच्या काही मिनिटे आधी बायबलमधील मत्तयच्या सहाव्या अध्यायातील शुभवर्तमान वाचले जाते. उपवास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असे येशू तेथे सांगतो. हे ऐकून आपण सगळ्यांना दिसेल असा राखेचा क्रूस घेऊन बाहेर पडतो. बाहेरचे रूप आणि आतले शील यांत अंतर पडल्याचे आपल्या ध्यानात कधी आले, ते येथे लिहावे. अनुभव स्वतःचाच असावा. शेजाऱ्यांचे आपण एरवी सांगतच असतो.

वसई

काही वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीसाठी निवडलेल्या बारा जणांत माझे नाव होते. त्या दुपारी मी वाडीतून आलो, विहिरीवर दगडाने टाचा घासल्या, नखांतली माती काडीने काढली आणि नवी चप्पल घालून निघालो. फादरांनी गुडघे टेकून माझ्या पायांवर पाणी ओतले, तेव्हा परातीत पडलेले पाणी जसेच्या तसे स्वच्छ होते. शेजारी बसलेला माणूस थेट होडीवरून आला होता, त्याच्या पायाखालचे गढूळ झाले. आधी मला त्याची लाज वाटली. मग आठवले की बांधावरच्या दोन माडांवरून धाकट्या भावाशी मी चौदा महिने बोललो नव्हतो, आणि तो त्याच चर्चमध्ये मागच्या दाराशी उभा होता. जे धुवायला हवे होते ते घरीच ठेवून, धुतलेले तेवढे मी पुढे केले होते.

त्याच रात्री भावाकडे गेलो, असे लिहायला मला आवडले असते. प्रत्यक्षात गेलो तो पावसाळ्यात, त्याची मुलगी तापाने फणफणली तेव्हा. माडांचा वाद अजून मिटलेला नाही, मात्र नारळ तो पाडतो आणि निम्मे माझ्या ओटीवर आणून ठेवतो.

अलिबाग तालुका

उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासे नसतात. आम्ही किनाऱ्यावरची माणसे, त्यामुळे आमच्याकडे नेमके शुक्रवारी पापलेट येत असे, जे एरवी रविवारीही परवडत नाही. नियम मोडला, असे कोणी म्हणू शकले नसते. यंदा सासूबाईंनी शुक्रवारी पेज आणि लोणचे वाढले, तेव्हा धाकट्याने विचारले, "आज कोणी वारलं का?"

वेंगुर्ला

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी दारात उभे राहून लोकांना जागा दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा मुंबईहून आलेल्या, इस्त्रीचा सूट घातलेल्या पाहुण्यांना मी पुढचा बाक दिला आणि काजूच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्या बाईंना खांबाआड बसवले. त्या दिवशीचे वाचन बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे होते, ज्यात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा देणाऱ्यांची कानउघाडणी आहे. वाचायला उभा मीच होतो. पाळकांनी नंतर एक शब्दही काढला नाही, हे जास्त अवघड गेले.

रत्नागिरी

मला थोडे उलट लिहायचे आहे. पती गेल्यानंतर वर्षभर माझ्या मनात एकही प्रार्थना उमटली नाही. तरी दर रविवारी खळ घातलेली साडी नेसून, जपमाळ हातात घेऊन मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात राहिले, कारण सवय होती आणि घरात बसवत नव्हते. केवळ आतलेच खरे मानले असते, तर त्या वर्षी मी चर्चची पायरी चढलेच नसते, आणि पुढे कधी चढले असते की नाही, हेही सांगता येत नाही. म्हणून बाहेरच्या रूपाला सरसकट ढोंग म्हणायला माझे मन धजत नाही. शेजारणी मात्र माझ्याकडे बोट दाखवून आपल्या सुनांना म्हणत, "बघा, किती श्रद्धेने बसतात." मी त्यांना खरे काय ते सांगितले नाही, आणि ते कौतुक मला त्या वर्षी आवडतही होते.